सर, सन चुकला

२५ डिसेंबर २०२५ ला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला आणि आमच्या पनवेलच्या गच्चीला नवा उद्योग मिळाला. संध्याकाळी चहाचा कप घेऊन विमानं मोजायची. परवा या मोजणीत भावाची नात सामील झाली. पोरगी वैमानिक व्हायला शिकते आहे.

"आजोबा, मागच्या आठवड्यात सिम्युलेटरमध्ये मी धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकले."

"मग? ओरडले का सर?"

"नाही हो. आलेख दाखवला."

म्हणजे खोलीत बसवलेलं खोटं विमान, पण वेग किती होता, उंची किती होती, हात कधी हलला, सगळं त्यात टिपलं जातं. मला वाटलं, हे आजकालचं खूळ. पण नाही. एडविन लिंक या अमेरिकन माणसाने १९२९ मध्ये असं यंत्र बनवलं, तेही वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून! (आमच्या शाळेच्या पेटीचे भाते उंदरांनी खाल्ले. असो.) पुढे शिक्षकाच्या टेबलावर तीन चाकांचं एक यंत्र आलं. शिकाऊ वैमानिक आत बसून जसा 'उडेल', तशी त्याची वाट ते नकाशावर शाईने काढायचं.

पूर्वी सगळ्यांना ठरावीक परीक्षा असायची, उड्डाणाच्या वेळी इंजिन बंद पडलं तर काय, वगैरे. आता खऱ्या उड्डाणांत आणि सिम्युलेटरमध्ये माणसं कुठे चुकतात ते पाहून धडे ठरवायचे, अशी पद्धत येते आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१३ मध्ये त्याची पुस्तिकाच काढली.

मग ती कोळिकोडबद्दल बोलली. ७ ऑगस्ट २०२०, पाऊस, पाठीमागून वारा. विमान धावपट्टीवर फार पुढे टेकलं आणि टोकावरून दरीत गेलं. २१ माणसं गेली. कॅप्टन आपले दीपक साठे, हवाई दलातले नावाजलेले वैमानिक, तेही गेले आणि त्यांचे सहवैमानिकही. २०२१ च्या चौकशी अहवालात आहे, की सहवैमानिकाने 'गो अराउंड', म्हणजे पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं.

"आता आम्ही 'गो अराउंड' म्हटल्यापासून कॅप्टनने इंजिनाचा जोर वाढवेपर्यंत किती सेकंद गेले, तेही कागदावर येतं, आजोबा."

मी चहा पिऊ शकलो नाही.

फार वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गात मी फळ्यावर पुरंदरच्या तहाचं साल १६५६ लिहिलं होतं. चिंचपाड्याची एक मुलगी उभी राहिली. "सर, सन चुकला." मी म्हटलं, "बस खाली." घरी जाऊन पुस्तक उघडलं, १६६५. दुसऱ्या दिवशी फळा पुसला, नवीन धडा घेतला. तिला काही बोललो नाही. त्यानंतर ती वर्गात कधी उभी राहिली नाही, एवढं मला आठवतं.

चिंचपाडा आता विमानतळात गेला. तिथली बरीच माणसं करंजाड्याच्या बाजूला राहायला आली आहेत म्हणे. उद्या बाजारात विचारून बघतो.