नाक बसायला वर्ष लागतं

भाचीला विचारूनच हे लिहिते आहे.

पावसात डिचोलीच्या रस्त्यावर तिची स्कूटर घसरली आणि नाकाचं हाड मोडलं. नाक वाकडंच जुळलं, एका बाजूने श्वासही अडकायचा. गेल्या जुलैत ऑपरेशन करून घेतलं. पेडण्याहून फेऱ्या नकोत म्हणून ती म्हापशाला माझ्याकडे राहिली.

डॉक्टर म्हणाले, अर्धं काम माझं, अर्धं तुमचं. आठवडाभर नाकावर पट्टी. झोपायचं उताणं, डोकं उंच ठेवून. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून. कपडे पुढून बटणांचे, डोक्यातून काढायचे नकोत. चष्म्याचा भार नाकावर नको, म्हणून तो चिकटपट्टीने कपाळाला टांगला. पट्टी निघाल्यावरही ऊन टाळायचं.

हे सगळं जमलं. कठीण गेली चतुर्थी. पेडण्याच्या घरी माटोळीखाली बसली, तर जो तो नाकच बघायचा. "अजून सुजकंच दिसतं गो!" एकीने तेल चोळायला सांगितलं, दुसरीने मुंबईचा डॉक्टर सुचवला. पोर रात्री रडत म्हणाली, "मावशी, परत ऑपरेशन करूया."

डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागतं, त्याआधी निकाल लावायचा नाही.

तेव्हा मी तिला कावसजीची गोष्ट सांगितली. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा हा मराठा गडी. 1792 च्या लढाईत टिपूच्या माणसांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक केलं. 1794 साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकीकत छापून आली. त्यातही पथ्य आहेच. चार दिवस काताच्या लेपाच्या पट्ट्या, मग तुपात भिजवलेलं फडकं. पाच-सहा दिवस उताणं निजायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे. कपाळाशी जोडलेली कातडी तर पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापायची.

ती म्हणाली, "म्हणजे त्यालाही थांबावंच लागलं."

ती थांबली. वर्ष सरलं, सूज उतरली, श्वास मोकळा झाला. दुसरं ऑपरेशन लागलं नाही.

तुमच्या घरात कुणाचं असं ऑपरेशन झालं, तर काही विचित्र वाटल्यास त्यांच्या डॉक्टरांना फोन करा. आणि वर्षभर त्यांच्या नाकाविषयी बोलू नका. तेही पथ्यच आहे.