इंजिनिअर गुडघे टेकतात

सत्कार ह्या प्रकाराचा मी लहानपणापासून धसका घेतलेला आहे. माझा कुणी सत्कार केला म्हणून नव्हे. तसलं संकट माझ्यावर अजून आलेलं नाही आणि येण्याची चिन्हंही नाहीत. पण दुसऱ्यांचे सत्कार मी पुष्कळ सोसले आहेत. आपल्याकडे सत्काराची एक ठरलेली कृती आहे, थालीपिठाची असावी तशी. एक शाल, एक नारळ, एक सत्कारमूर्ती आणि अंदाजाने नऊ वक्ते. सत्कारमूर्ती चांगली मुरेपर्यंत व्यासपीठावर ठेवावी. अध्यक्षांची खुर्ची तिच्या खुर्चीहून चार बोटं उंच असावी. साडेनऊ वाजले, की सत्कारमूर्तीला 'दोन शब्द' बोलायला उठवावं आणि तिसऱ्या शब्दाला घड्याळ दाखवावं. सत्कार नेमका कुणाचा होता, हे दुसऱ्या दिवशी फोटो पाहूनसुद्धा कळत नाही. कारण फोटोत हार अध्यक्षांच्या गळ्यात असतो.

म्हणून सिंगापुरात आमच्या शेजाऱ्यांनी, "येत्या रविवारी आमच्या मास्तरांचा सत्कार आहे, तुम्ही दोघं या," असं आमंत्रण दिलं, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला, "वक्ते किती?"

"वक्ते?" ते गोंधळले. "आम्ही तर जमिनीवर बसणार आहोत."

आमचे चिरंजीव सिंगापुरात नोकरीला आहेत आणि नातवाला सांभाळण्याच्या बोलीवर वर्षातले दोन महिने आम्हां उभयतांना तिथे आयात करण्यात येतं. समोरच्या ब्लॉकमध्ये हे शेजारी राहतात. ब्रह्मदेशचे, निवृत्त सिव्हिल इंजिनिअर. त्यांचं इंग्रजी रंगूनचं, माझं रत्नागिरीचं. दोन्ही इंग्रजाला कळली नसती, म्हणून आम्हांला एकमेकांची नीट कळत. अडचण आली ती नावाची. बर्मी माणसाला आडनावच नसतं! बापाचं वेगळं, मुलाचं वेगळं, बायकोचं लग्नानंतरही तेच. 'आडनाव काय आणि गाव कोणतं' ह्या दोन खांबांवर ज्याची सगळी ओळखपाळख उभी, त्या मराठी माणसाने अशा वेळी करावं काय? आमच्या हिने तो प्रश्न दोन मिनिटांत सोडवला. तिने त्यांना 'भाऊजी' म्हणायला सुरुवात केली. ते मला 'अकोजी' म्हणू लागले. बर्मी भाषेत त्याचा अर्थ थोरला भाऊ. मला मात्र शिवाजी, संभाजी, अकोजी असं एकदम ऐतिहासिक वाटायला लागलं.

राहिलं गाव. "रत्नागिरी," मी म्हणालो.

भाऊजी खुर्चीतून उठून उभे राहिले. "यदनागिरी?"

र चा य करतात ते लोक. त्यांचा शेवटचा राजा थिबा. १८८५ साली इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला आमच्या गावी आणून ठेवलं. १९१० साली त्याच्यासाठी राजवाडा बांधून झाला आणि १९१६ साली राजा तिथेच वारला. इंग्रजांचा ह्या बाबतीतला हिशेब मोठा चोख होता. आपला शेवटचा बादशहा रंगूनला, त्यांचा शेवटचा राजा रत्नागिरीला आणि वर आपले लोकमान्य १९०८ पासून सहा वर्षं मंडालेला!

"अहो, त्या राजवाड्यात मी ड्रॉइंग शिकलो," मी सांगून टाकलं. आणि ते खरं आहे. आमचं तंत्रनिकेतन त्या काळी थिबा राजवाड्यात भरत असे. त्यांना ज्या वास्तूच्या नावाने भरून येत होतं, तिथे मी टी-स्क्वेअर काखोटीला मारून जिने चढलो होतो. त्या दिवसापासून भाऊजींच्या लेखी मी अर्धा राजघराण्यातलाच झालो. आमंत्रण आलं ते त्यामुळे.

हे भाऊजी रंगून इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे. गावाबाहेर ज्योगोनला, १९६१ च्या सुमारास, रशियाच्या मदतीने तिच्या इमारती उठल्या. १९६४ पासून आर. आय. टी. हे नाव. आता तीच यांगून टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी. पण तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना हे नवं नाव सांगून पाहा! व्ही. टी. ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणायचं हे कळतं, पण टॅक्सीवाल्याला सांगताना तोंडातून व्ही. टी. च येतं, तसं त्यांचं होतं. ही मंडळी आज सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया अशी जगभर पांगलेली आहेत. पांगण्याचं कारण विचारलं, तेव्हा भाऊजी म्हणाले, "चहाचं दुकान."

मला विनोद वाटला. विनोद नव्हता. १२ मार्च १९८८ ला कॉलेजजवळच्या एका चहाच्या दुकानात कॅसेटवर कुठलं गाणं लावायचं, ह्यावरून पोरांचं आणि गावातल्या काही जणांचं वाजलं. आपल्याकडे असल्या भांडणात फार तर बाकडी मोडतात. तिथे दुसऱ्या दिवशी पोलीस कॉलेजात आले, गोळीबार झाला आणि फोन मॉ नावाचा विद्यार्थी मेला. त्यातून सगळा देश पेटला. विद्यापीठं बंद झाली, उघडली, पुन्हा बंद झाली. ज्याला जमलं तो बाहेर पडला. २०२१ साली लष्कराने पुन्हा सत्ता घेतल्यावर आणखी एक लाट आली. मास्तर मात्र बहुतेक तिथेच राहिले.

रविवारी सकाळी आम्ही हॉलवर पोहोचलो. भाऊजींनी रेशमी लुंगी नेसली होती. तिला ते लोंजी म्हणतात आणि ती नेसून लग्नकार्यालाही जातात. ही माझ्या पँटकडे पाहून म्हणाली, "बघा! आणि तुम्ही घरात लुंगी लावून दार उघडलंत की सूनबाई आत पळते." दारातच मोहिंगा होता. माशाच्या रश्शात तांदळाच्या शेवया. माशाच्या वासावर परका देश आपला करण्याची कोकणी माणसाची जुनी खोड आहे. दुसऱ्या वाडग्याच्या अखेरीस मी निम्मा बर्मी झालो होतो. मग चहाच्या मुरवलेल्या पानांची कोशिंबीर आली. चहा खायचा हे मला अजून पटलेलं नाही, पण संपवली मी.

व्यासपीठावर पंचवीसेक खुर्च्या. त्यांवर म्हातारे मास्तर आणि तीन-चार म्हाताऱ्या बाई. मास्तरांना 'सया' म्हणतात आणि बाईंना 'सयामा'. काही सिंगापुरातच मुलांकडे राहणारे, काहींना वर्गणी काढून खास यांगूनहून आणलेलं. एका कडेला, जे आता नाहीत त्यांचे फोटो. मी अध्यक्ष शोधत होतो. अध्यक्ष नव्हते! हार नव्हता, समई नव्हती, 'लाभलेले' पाहुणे नव्हते. खाली सतरंजीवर पाऊणशे-शंभर इंजिनिअर बसलेले. कुणी पूल बांधलेले, कुणी धरणं, कुणी चाळीस मजली इमारती. सगळे साठीच्या पुढचे.

एकाने खूण केली आणि सगळे गुडघ्यांवर आले. त्या वेळी जो आवाज झाला, तो मी जुन्या लोखंडी पुलावरून मालगाडी जाताना ऐकलेला आहे. हात जोडून एकजण म्हणू लागला आणि बाकीचे मागून. मला एक अक्षर कळत नव्हतं. पण अचानक त्या बर्मीतून तीन शब्द ओळखीच्या माणसांसारखे वर आले. काय... वची... मनो...

"काय म्हणताहेत?" मी कुजबुजलो.

भाऊजींचे एक स्नेही बाजूला होते. ते म्हणाले, "कायेने, वाचेने, मनाने आमच्या हातून तुमचा जो अपराध घडला असेल, त्याची क्षमा मागतो."

मग कपाळ जमिनीला. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या वेळी काही कपाळं वर यायला बराच उशीर लागला. एक तर गुडघ्यांमुळे, आणि एक दुसऱ्या कारणामुळे.

बुद्ध, धर्म, संघ, आईबाप आणि शिक्षक. ही पाच पूज्य स्थानं ते एका रांगेत धरतात. थाडिंज्युट म्हणून त्यांचा दिव्यांचा सण आहे, साधारण आपल्या कोजागिरीच्या सुमाराचा. तेव्हा घरोघर वडीलधाऱ्यांना असंच वाकतात. आपण मसाला दूध पितो.

नंतर प्रत्येकजण आपापल्या सयांजवळ गुडघ्यांवरच सरकत गेला. हातात टॉवेल, लोंजी, हॉर्लिक्सचा डबा आणि वर एक पाकीट. दोन्ही हातांनी पुढे धरायचं. थर्मोडायनॅमिक्सचे एक सया, वय शहाऐंशी, समोरच्या टकलाकडे बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी काहीतरी विचारलं आणि आसपासची पंधरा माणसं गडबडा लोळायची बाकी राहिली. भाऊजींनी भाषांतर केलं : "तुझं जर्नल अजून आलेलं नाही." टक्कल सत्तरीचं होतं, आणि ते खरंच खाली मान घालून म्हणालं, "पुढच्या सोमवारी, सया."

परत येताना बसमध्ये मी भाऊजींना म्हणालो, "पाकिटाचं मला कळलं नाही. एवढ्या भक्तिभावात एकदम रोख?"

भाऊजी जरा थांबले. "अकोजी, १९८७ साली सरकारने एका दिवसात पंचवीस, पस्तीस आणि पंचाहत्तरच्या नोटा रद्द केल्या. त्याबद्दल दुसरं काही दिलंही नाही. जनरल ने विन ह्यांना नऊ आकडा लाभतो म्हणून चलनात आल्या पंचेचाळीसच्या आणि नव्वदच्या नोटा."

"नव्वदची नोट? सुटे कसे द्यायचे?"

"आम्ही इंजिनिअर होतो म्हणून जमायचं," ते म्हणाले. मग हसणं थांबवून म्हणाले, "सयांची शिल्लक त्यात गेली. पुढे महागाईत पेन्शन गेली. आता महिन्याची औषधंसुद्धा त्यात येत नाहीत. आम्ही डॉलर मिळवतो. पण सयांना पैसे पाठवले तर ते घेतील का? आम्हांलाही देववतील का? आमच्यात त्याला आना म्हणतात."

मला प्रतिशब्द शोधावा लागला नाही. भीड! दुसऱ्याला अवघडल्यासारखं होईल म्हणून आपणच आधी अवघडून बसायचं. कोकणातली निम्मी माणसं ह्या रोगाने गेलेली आहेत.

"म्हणून आम्ही खाली बसतो आणि ते वर," भाऊजी म्हणाले. "खालून वर दिलं, की ते दान होत नाही."

शाल कशी पांघरावी, ह्यावर आयुष्यभर पाहिलेले सगळे सत्कार माझ्या डोळ्यांपुढून गेले. आपण वरून खाली पांघरतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. ही म्हणाली, "मोहिंगा बाधला." बाधली होती 'वाचा'. त्याचं असं, की ड्रॉइंगच्या आमच्या सरांची जीभ 'प' वर अडखळायची. पर्स्पेक्टिव्ह म्हणताना तर फारच. तेव्हा ते अठ्ठावीस-तीस वर्षांचे असतील. गॅदरिंगला मी त्यांची नक्कल केली. सात 'प' लावले. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. सर पहिल्या रांगेत होते आणि तेही टाळ्या वाजवत होते. मला बक्षीस मिळालं, स्टीलचा पेला. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले आणि शिकवायला लागले. त्यानंतर वर्षभर तो शब्द त्यांनी एकदाही उच्चारला नाही. 'ते लांबचं-जवळचं' म्हणायचे. "काढा रे, ते लांबचं-जवळचं काढा." आम्ही काढत होतो. पन्नासेक वर्षं झाली. पेला अजून आमच्या घरात आहे.

भारतात परतल्यावर मी रत्नागिरीला गेलो. सर आहेत, आता ऐंशीच्या पुढे. कोकणातलं जुनं घर, पडवीत झोपाळा. मी बर्मी पद्धतीने टॉवेल आणि हॉर्लिक्सचा डबा नेला होता. दोन्ही हातांनी पुढे केला.

सर डब्याकडे बघत राहिले. "मी आजारी आहे असं कुणी सांगितलं तुला?"

नाव सांगितलं, बॅच सांगितली. "हां, लाईन वाकडी यायची तुझी," सर म्हणाले. मग मी धीर केला आणि पडवीतल्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर गुडघे टेकले. म्हटलं, "सर, त्या गॅदरिंगबद्दल..." आणि पुढचं काहीच सुचेना. काय, वची, मनो सगळं बर्मीतच राहिलं. कपाळ तेवढं खाली टेकलं.

सर बराच वेळ बोलले नाहीत. झोपाळ्याची कडी वाजत होती, ती थांबली.

"सात लावले होतेस," सर म्हणाले. "एवढे मी कधी लावत नव्हतो. फार तर चार."

मी उठायला गेलो. गुडघा अडकला. ऐंशीच्या पुढचे सर झोपाळ्यावरून उतरले आणि माझ्या काखेत हात घालून मला उभं करू लागले. एकीकडे आत हाक मारत होते, "अगं, चहा टाक! आणि जरा बाहेर ये. हा बघ, साठीला... नव्हे, सत्तरीला आला, तरी प-प-पर्स्पेक्टिव्ह कच्चाच आहे ह्याचा. भिंत धरायची सोडून झोपाळ्याला धरून उठतोय!"

मी मनात मोजले. दोनच होते.