पडद्यावरचा शिळा आकडा

२३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ‘विक्रम’ चंद्रावर उतरला, तेव्हा आपण प्रत्यक्षात काय पाहत होतो? बंगळुरूच्या नियंत्रण कक्षातील पडद्यांवर उंचीचे आणि वेगाचे आकडे घटत होते, मार्गाची रेष पुढे सरकत होती. आपण पाहिले ते एवढेच. उतरण्याचे निर्णय यानावरील संगणक घेत होता. कक्षातील माणसांच्या हाती त्या मिनिटांत उरले होते ते केवळ पाहणे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे अशीच एक रेष पृष्ठभागाच्या अलीकडे थबकली होती, आणि कोणी काही बोलण्याआधीच सारा कक्ष गप्प झाला होता.

राष्ट्रीय अंतराळ दिनाच्या निमित्ताने यानांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मला पडद्याविषयी लिहायचे आहे. कारण मी स्वतः तयार केलेल्या एका लहानशा पडद्याने दुसऱ्या कोणाचे तरी तीन आठवड्यांचे काम जाळले आहे.

मी तेव्हा पदार्थविज्ञानाच्या पदव्युत्तर वर्गात होते. प्रयोगशाळेत एक छोटी विद्युत भट्टी होती. तीत काचपट्टीवर चढवलेला ऑक्साईडचा पातळ थर तापवायचा, तापमान आणि विद्युत रोध यांची नोंद घ्यायची, आणि ३०० अंशांवर भट्टी बंद करायची. या कामासाठी मी जावाएफएक्समध्ये एक डेस्कटॉप प्रोग्राम लिहिला. आलेख, आकडे, स्लायडर, बटणे यांतील प्रत्येकाची जागा मी आकडे घालून पक्की केली होती: डावीकडून इतके पिक्सेल, वरून इतके. घरच्या मोठ्या मॉनिटरवर ते सारे देखणे दिसत होते. ‘भट्टी बंद’ हे बटण मी सर्वांत खाली, वरून ८२० पिक्सेलवर ठेवले होते.

प्रयोगशाळेतील जुन्या लॅपटॉपच्या पडद्याची उंची होती ७६८ पिक्सेल.

त्या दुपारी आकडा २८७ वर आला आणि तिथेच स्थिरावला. तापण्याचा वेग मंदावला असेल, असे समजून मी थांबले. दोनेक मिनिटांनी शंका आली. बटण शोधू लागले, तर ते पडद्याच्या खालच्या कडेपलीकडे होते. खिडकी वर ओढू पाहिली, ती हलेना. शेवटी टेबलामागे हात घालून भट्टीचा प्लग उपटला. थराला तडे गेले होते. तो थर आमच्या एका वरिष्ठ संशोधक विद्यार्थ्याने, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणत असू, तीन आठवडे खपून तयार केला होता. दादा रागावले नाहीत. “होतं असं,” म्हणाले आणि नवी काचपट्टी धुवायला गेले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

दोष मला लगेच उमगला आणि मी मांडणी नव्याने केली. जेवणाचे ताट आठवून पाहा. मीठ वर, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मध्ये भात. ताट लहान असो वा मोठे, दिवे गेले तरी हात मिठापर्यंत बरोबर पोहोचतो. कारण ती जागा इंचांत मोजलेली नसून नात्यांनी ठरलेली असते. जावाएफएक्समधील ‘बॉर्डरपेन’ याच तत्त्वावर चालतो. वरच्या आणि खालच्या पट्टीला आधी तिच्या गरजेइतकी उंची मिळते, डाव्या-उजव्या बाजूंना गरजेइतकी रुंदी, आणि उरलेली सगळी जागा मध्याची. मी मध्ये आलेख ठेवला, डावीकडे ‘व्हीबॉक्स’मध्ये एकाखाली एक नियंत्रणे, वर तापमान, आणि खालच्या पट्टीत ते बटण. खिडकी लहान केली की आता आलेख आकसत होता, बटण जागचे हलत नव्हते. आलेखालाही आकसण्याची मर्यादा असते, म्हणून खिडकीची किमान उंचीही ठरवून दिली.

मोठ्या समाधानाने मी हे सरांना दाखवले. त्यांनी शांतपणे एकच विचारले, “त्या दिवशी बटण दिसत असते, तर ते चालले असते का?”

मी निरुत्तर झाले. चालले नसते. २८७ वर तापमान थांबलेच नव्हते. प्रोग्राम थांबला होता. जावाएफएक्समध्ये पडद्यावरचे घटक बदलणे, माउसची हालचाल टिपणे, बटणाला उत्तर देणे ही सारी कामे एकाच धाग्यावर, म्हणजे आज्ञांच्या एकाच रांगेत चालतात. मापकाकडून तापमान वाचण्याचे कामही मी त्याच रांगेत घुसवले होते. एकदा मापकाने उत्तर दिले नाही, वाचन वाट पाहत बसले, आणि त्याच्यामागे सगळी रांग खोळंबली. भट्टी तापत राहिली. पडदा मात्र जुनाच आकडा शांतपणे दाखवत राहिला.

मग वाचनाचे काम ‘टास्क’ म्हणून पार्श्वभूमीतील वेगळ्या धाग्यावर नेले. तिथून पडद्याला थेट हात लावायचा नाही; ‘प्लॅटफॉर्म.रनलेटर’च्या मार्गाने निरोप तेवढा पाठवायचा, हा नियम पाळला. स्लायडरचीही एक खोड सापडली. तो ओढला जात असताना वाटेतली प्रत्येक किंमत भट्टीकडे आज्ञा म्हणून जात होती. ओढणे चालू आहे की संपले, हे स्लायडर स्वतः सांगू शकतो. ते विचारून, बोट उचलल्यावरच आज्ञा पाठवू लागले.

सर्वांत मोलाची ठरली ती सर्वांत साधी सुधारणा. प्रत्येक आकड्यासोबत मी तो वाचल्याची वेळ दाखवली, आणि दोन सेकंदांत नवे वाचन आले नाही तर आकडा करडा होईल अशी सोय केली. शिळे अन्न वासाने कळते. शिळा आकडा ताज्या आकड्यासारखाच दिसतो. तो शिळा आहे हे पडद्यानेच सांगावे लागते. चंद्रावरून निघालेला संदेशही आपल्यापर्यंत यायला सुमारे १.३ सेकंद घेतो. म्हणजे तिथल्या यानाचा कोणताही आकडा थोडासा भूतकाळातलाच असतो. म्हणून रेष थबकली की पहिला प्रश्न हाच उभा राहतो: यान थांबले, की बातमी थांबली?

सरांनी अखेरीस भट्टीलाच एक लाल स्विच बसवून घेतला, संगणकाशी काहीही संबंध नसलेला. त्याचा मला तेव्हा थोडा अपमान वाटला होता. आज मी कोणालाही प्रोग्राम लिहून देताना आधी तो स्विच कुठे आहे, हे विचारते.

विद्यार्थी मित्रहो, तुमचा प्रोग्राम पूर्ण झाला असे वाटेल तेव्हा दोन गोष्टी करून पाहा. खिडकी शक्य तितकी लहान करा, आणि यंत्राची वायर चालू प्रयोगात उपटा. त्यानंतर तुमचा पडदा काय सांगतो, ते नीट वाचा.

दादांनी दुसरा थर बनवला. तो तापवताना ते माझ्या शेजारी बसले होते, आणि त्यांचे लक्ष आकड्याकडे नव्हते. त्याखालच्या वेळेकडे होते.

#राष्ट्रीयअंतराळदिन #विज्ञान