मागणी आणि मंजुरी

आमचे गाव दिग्गी, जोयडा तालुक्यातले. काळी नदी इथल्याच डोंगरात उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहत जाऊन कारवारजवळ समुद्राला मिळते. या नदीचा नकाशा संगणकाच्या पडद्यावर काढावा, गावांची नावे मराठी व कन्नड दोन्ही लिप्यांत लिहावीत, असे सुट्टीत मनात आले. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला हे नसते उद्योग कोणी सांगितले, असे काका म्हणालेच!

पडदा म्हणजे बारीक चौकोनांची जाळी. आडवी-उभी रेघ तीत नीट बसते; तिरकी वा वळणदार रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते. गंमत अशी, की देवनागरीची शिरोरेषा शाबूत राहते आणि कन्नडची गोल वळणे मात्र करवतीसारखी दातेरी होतात. मला दोन्ही भाषा सारख्याच. पडदा पक्षपात करतो. यावर उपाय मल्टिसॅम्पल अँटिएलियासिंग. आकृती कुठवर पोचली हे प्रत्येक चौकोनात एकाऐवजी, समजा, चार ठिकाणी तपासायचे. दोनच ठिकाणी पोचली असेल तर रंग निम्मा. कडा मऊ दिसते.

हे फुकट होत नाही. १९२० गुणिले १०८० चौकोन, प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे सुमारे ८३ लाख बाइट. चार नमुने घेतले की ३ कोटी ३२ लाख. म्हणून यंत्राला आधी विचारावे. ब्राउझरमधल्या वेब-जीएलचा व्यवहार अगदी कर्जाच्या अर्जासारखा आहे. 'अँटिएलियास' हवे असे लिहिले तरी ती नुसती मागणी. मंजूर काय झाले ते 'गेट कॉन्टेक्स्ट ॲट्रिब्यूट्स' विचारल्यावरच कळते. २०१७ साली आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत 'मॅक्स सॅम्पल्स' विचारून कमाल नमुन्यांचा आकडाही मिळतो. नियमाने तो किमान चार. न विचारता त्याहून जास्त मागितले तर बफरच मिळत नाही, चित्र उमटत नाही, आणि जुन्या यंत्रापुढे बसलेल्या खेड्यातल्या पोराला वाटते, आपल्याच हातून काही बिघडले. मला हे फार खटकते.

कॉलेजच्या लॅबमध्ये उत्तर आले आठ. काकांच्या जुन्या लॅपटॉपवर पहिलीच आवृत्ती चालते. तिथे उत्तर आले, 'नाही'. अशा यंत्रावर माझा प्रोग्राम साधी रेघ काढतो आणि कन्नड अक्षरे थोडी मोठी करतो. नदी दातेरी दिसते, पण दिग्गीपासून कारवारपर्यंत अखंड. काकांनी तीवर सर्वांत आधी सुपा शोधले, धरणाच्या पाण्याखाली गेलेले जुने गाव.