दुम्नोरिक्सचं नाणं

गॉलबद्दल, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सबद्दल, आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं ज्युलियस सीझरने सांगितलेलं आहे. म्हणजे ज्याने तो देश जिंकला, त्यानेच. गॉल लोकांनी आपला इतिहास लिहून ठेवला नाही. त्यांची चांदीची नाणी मला इतकी मोलाची वाटतात ती यामुळेच. त्यांवरची चित्रं आणि नावं त्यांनी स्वतः निवडलेली आहेत.

दुम्नोरिक्सचंच नाणं घ्या. दुम्नोरिक्स हा एदुई जमातीचा सरदार. आजच्या बर्गंडीतलं बिब्राक्त हे त्यांचं मुख्य ठाणं. सीझरच्या लेखी तो पक्का कारस्थानी. जकातीचा मक्ता त्याने स्वस्तात पदरात पाडून घेतला, कारण त्याच्यासमोर बोली लावायची कुणाची छाती नव्हती, आणि त्या पैशावर तो स्वतःचं घोडदळ पोसत होता. नाण्यावर मात्र वेगळाच माणूस भेटतो. वजन जेमतेम दोन ग्रॅम, लॅटिन अक्षरांत नाव 'दुब्नोरेइक्स'. चिलखत घातलेला योद्धा समोर तोंड करून उभा आहे. एका हातात शत्रूचं मुंडकं, दुसऱ्या हातात कार्निक्स नावाचं उंच रणशिंग आणि रानडुकराचं निशाण. रोममध्ये हे रानटी वाटलं असेल. गॉलमध्ये शत्रूचं शिर हा पराक्रमाचा उघड पुरावा होता, आणि जकातीच्या पैशातून आलेली सत्ता दुम्नोरिक्स लोकांसमोर मांडतो ती अशी, रणांगणावरची म्हणून.

या दोन ग्रॅमांतही एक निर्णय आहे. रोमन देनारियस साधारण 3.9 ग्रॅमचा, हे नाणं त्याच्या निम्म्याचं. एदुई, सेक्वानी आणि लिंगोनेस या मध्य-पूर्व गॉलमधल्या शेजाऱ्यांनी हेच माप धरलं होतं. रोन आणि सोन नद्यांच्या वाटेने दक्षिणेची दारू कुंभांत भरून वर येत होती. त्या व्यापाराला रोमच्या चांदीशी सहज जुळणारं चलन सोयीचं होतं. सीझर इ.स.पू. 58मध्ये इथे मोहिमेवर आला, त्याच्या आधीपासून रोमचं माप इथल्या बाजारात रुळलेलं होतं.

पण माप घेतलं म्हणून चित्र जसंच्या तसं घेतलं नाही. लिंगोनेसच्या नाण्यांवर एका बाजूला रोमा देवीचं शिरस्त्राण घातलेलं मस्तक आहे, दुसऱ्या बाजूला गॉलचा घोडा, आणि 'कालेतेदू' हा लेख चक्क ग्रीक अक्षरांत. दक्षिणेत तुलूजच्या परिसरातल्या तेक्तोसाजेस लोकांनी ऱ्होदा या ग्रीक वसाहतीच्या नाण्यावरचा गुलाब घेतला. पाकळ्या गळत गेल्या, उरला एक क्रूस, आणि त्याच्या चार कोनांत चंद्रकोर, कुऱ्हाड, ठिपके आले. चांदीचा पत्रा छिन्नीने तोडून त्यावर ठसा मारलेला असल्यामुळे यांतली कित्येक नाणी चौकोनी दिसतात. जुने अभ्यासक याला ऱ्हास म्हणत. मला ते अजिबात पटत नाही. ठसा कोरणाऱ्याला गुलाब जमला नाही म्हणावं, तर त्याच जागेत इतकी रेखीव कुऱ्हाड कशी जमली? आपल्याकडे नाशिकजवळच्या जोगळटेंभीला 1906मध्ये क्षत्रप राजा नहपान याची हजारो चांदीची नाणी सापडली. त्यांवरही ग्रीक अक्षरं आहेत, पण म्हणून नहपानाचं नाणं ही कुणाची बिघडलेली प्रत ठरत नाही.

इ.स.पू. 54मध्ये सीझरने दुम्नोरिक्सला ब्रिटनच्या स्वारीवर यायला फर्मावलं. तो एदुई घोडदळ घेऊन छावणीतून निघून गेला. पाठलाग करून त्याला मारण्यात आलं. तीन वर्षांनी, 51मध्ये, पिक्तोनेसचा सरदार दुरातियुस रोमशी इमान राखून लेमोनुममध्ये, म्हणजे आजच्या प्वातिएमध्ये, वेढ्यात टिकून राहिला. त्याचंही चांदीचं नाणं आहे, वजनाने त्याच मापाचं. एका बाजूला 'दुरात' हे त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला घोडा, आणि घोड्याबरोबर 'युलिओस' हे सीझरच्या घराण्याचं नाव.