लपणे आणि नेम

इंदूरच्या आमच्या घरी सुटीच्या दिवशी पुतणेमंडळी फाशांचा एक नवा खेळ मांडतात. २०१७ साली अमेरिकेत निघालेल्या या ‘स्टारफाइंडर’मध्ये अंतराळयानेही आहेत आणि मंत्रविद्याही. प्रत्येकाने एक पात्र कल्पावयाचे आणि त्यास मोजक्या विद्या द्यावयाच्या. मध्यंतरी वाद पेटला, तो एकाच पात्राने लपण्याची कला व नेमबाजी दोन्ही शिकावी काय, यावर. थोरला म्हणाला, “दोन्ही अर्धवट राहतील.” धाकटी मजकडे वळून म्हणाली, “काका, लपता आले नाही तर नेम धरायला वेळ कोण देणार?”

मला विराटपर्व आठवले. अर्जुनाएवढा धनुर्धर, पण गांडीव शमीवृक्षावर ठेवून तो बृहन्नडा झाला आणि वर्षभर उत्तरेस नृत्य शिकवीत राहिला. मुदतीआधी ओळख पटती, तर पुन्हा बारा वर्षे वनवास होता. पुढे कौरवांनी गाई वळविल्या तेव्हा तेच गांडीव त्याने हाती घेतले, आणि शंखनाद होताच द्रोणांनी शिष्य ओळखला. अवधी पुरा झाला नाही, असा दुर्योधनाचा आक्षेप. तो पुरा झाल्याचे भीष्मांनी गणित करून सांगितले.

मुलांच्या खेळातही गोळी झाडली की लपलेले पात्र उघडे पडते. तेव्हा दोन्ही विद्या अवश्य शिकाव्या; मात्र एक केव्हा सोडावी हे कळण्यास तिसरी लागते, ती काळाची जाण. विजयादशमीस आम्ही इंदूरकर मराठी मंडळी शमी पूजितो, तेव्हा शस्त्राइतकेच त्या वर्षभराच्या संयमाचेही स्मरण व्हावे.