मुग्धाची दोन वर्षं

एडिसन, न्यू जर्सी
रविवार, रात्री

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तू मुग्धाला म्हणालीस, "बी.कॉम. होऊन बारा वर्षं झाली आणि आता दोन वर्षांचा कोर्स करून सिस्टर होणार? तोही कम्युनिटी कॉलेजात?" पोरगी काही बोलली नाही. फोन ठेवला आणि पुन्हा डायनिंग टेबलाशी पुस्तक उघडून बसली. म्हणून हे पत्र. फोनवर राहून जातं ते तू पत्रात दोनदा वाचतेस.

त्या टेबलावर सध्या काय चालतं ते आधी सांगते. गेल्या आठवड्यात तिची निर्जंतुक हातमोजे घालण्याची परीक्षा होती. पाकीट उघडायचं ते फक्त कडेला धरून. आत मोज्यांची मनगटाकडची कड बाहेर दुमडलेली असते. पहिला मोजा उघड्या हाताने उचलायचा तो त्या दुमडीला धरून, कारण ती बाजू कातडीला लागणारच असते. दुसरा उचलताना मोजा घातलेली बोटं दुमडीच्या खाली सरकवायची, म्हणजे निर्जंतुक बाजूला निर्जंतुक बाजूच लागते. हात कमरेखाली गेले की सगळं बाद, नवं पाकीट. घरी सराव करताना मुग्धाने हे चार वेळा केलं. चौथ्यांदा अंगठा निसटता मनगटाला लागला. मी स्वयंपाकघरातून बघतेय हे तिला ठाऊक नव्हतं. तिने आपण होऊन दोन्ही मोजे काढून टाकले आणि पाचवं पाकीट उघडलं.

मला आपल्या आजीचं सोवळं आठवलं. पाणी भरून येताना कुणाचा पदर लागला तर ती पुन्हा अंघोळ करायची, कुणी पाहिलेलं नसलं तरी. फरक इतकाच की आजीचं सोवळं माणसाला लांब ठेवायचं, आणि मुग्धाचं हे सोवळं परक्या माणसाच्या उघड्या जखमेपर्यंत जाण्यासाठी आहे.

"दोन वर्षांचा कोर्स" हे नाव फसवं आहे, ताई. असोसिएट डिग्री इन नर्सिंग, म्हणजे एडीएन. कागदावर चार सत्रं. पण नर्सिंगला प्रवेश मिळण्याआधीच अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग, मायक्रोबायॉलॉजी, इंग्रजी, मानसशास्त्र हे सगळं चांगल्या गुणांनी पार पाडावं लागतं. वर प्रवेश परीक्षा. मुग्धाचं दीड वर्ष त्यातच गेलं, लेकाला, ओमला, झोपवल्यानंतरच्या तासांत. आता मेडिकल-सर्जिकल, बाळंतपण, बालरोग, मनोरुग्ण, औषधशास्त्र, आणि आठवड्यातले दोन दिवस पहाटे उठून हॉस्पिटलच्या वॉर्डात प्रत्यक्ष काम.

औषधाच्या मात्रेचं गणित वेगळं. तिच्या वहीतलं एक उदाहरण देते. 500 मिलिलिटरच्या पिशवीत 25,000 युनिट हेपरिन आहे, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध. डॉक्टरांनी तासाला 1,000 युनिट लिहून दिलंय. पंप कितीवर लावायचा? एका मिलिलिटरमध्ये 50 युनिट, म्हणून तासाला 20 मिलिलिटर. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर 200 होतात आणि पेशंट आतल्या आत रक्तस्राव होऊन दगावू शकतो. तिचं बी.कॉम. वाया गेलं असं तू म्हणतेस. ताळेबंदातला एका रुपयाचा फरक शोधत रात्र जागवलेली मुलगी हा आकडा दोनदा तपासते, हे मी रोज पाहते.

आणि हा कोर्स कुणी पळवाट म्हणून काढलेला नाही. पूर्वी अमेरिकेत बहुतेक नर्सेस हॉस्पिटलच्या शाळांत तयार व्हायच्या. तीन वर्षं तिथंच राहायचं, आणि वॉर्डातली पुष्कळशी कामं विद्यार्थिनींच्याच अंगावर. लग्न झालेल्या मुलींना कित्येक शाळा घेतच नसत. आपल्याकडचा जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा त्याच वळणाचा. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सेसचा मोठा तुटवडा पडला. तेव्हा मिल्ड्रेड मॉन्टॅग नावाच्या बाईंनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात लिहिलेला प्रबंध 1951 साली प्रसिद्ध झाला. म्हणणं साधं होतं: नर्सचं शिक्षण हॉस्पिटलच्या गरजेला बांधू नका, ते कॉलेजात न्या, आणि दोन वर्षांत नीट आखून शिकवा. एका दात्याने नाव न सांगता पैसे दिले आणि 1952 मध्ये पाच वर्षांचा प्रयोग सुरू झाला. त्यात सात कम्युनिटी व ज्युनियर कॉलेजं होती आणि एक हॉस्पिटलची शाळा. त्यांतल्या मुली परवान्याच्या परीक्षेत इतरांच्या बरोबरीने उतरल्या. त्यानंतर देशभर हे वर्ग निघाले.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. विद्यार्थिनी पहिल्यांदा फक्त विद्यार्थिनी झाली. फुकट राबणारे हात ही तिची ओळख संपली. संध्याकाळी ती घरी जाऊ लागली. म्हणून तर चौतिसाव्या वर्षी, एक मूल पदरात असताना, घराजवळच्या कॉलेजात परवडणारी फी भरून मुग्धा शिकू शकते.

मॉन्टॅगबाईंच्या मनात मात्र थोडं निराळं होतं. त्यांना या मुली "नर्सिंग टेक्निशियन" म्हणून हव्या होत्या, पदवीधर नर्सच्या हाताखाली काम करणाऱ्या. तसं घडलं नाही. परीक्षा एकच राहिली, परवाना एकच राहिला. आजही चार वर्षांची बीएसएन पदवी घेतलेली मुलगी आणि एडीएन झालेली मुलगी एनक्लेक्स या एकाच परवाना परीक्षेला बसतात. संगणकावर पाच तासांपर्यंतची परीक्षा, कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो. पास झालं की दोघींच्याही नावापुढे आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्स.

यावरून वादही जुना आहे आणि तो तुझ्यापासून लपवत नाही. 1965 मध्येच अमेरिकन नर्सेस असोसिएशनने जाहीर भूमिका घेतली की व्यावसायिक नर्सला किमान चार वर्षांची पदवी हवी. नॉर्थ डकोटाने तसा नियम केला आणि 2003 मध्ये तो मागेही घेतला. त्याच वर्षी नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकन यांचा अभ्यास आला, पेनसिल्वेनियातल्या 168 हॉस्पिटलांचा. पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलेलं असेल तिथे शस्त्रक्रियेच्या पेशंटचा महिन्याभरात मृत्यू होण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी, असं त्यात दिसलं. न्यूयॉर्क राज्याने 2017 मध्ये कायदाच केला: आरएन झाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करायची. मला तो कायदा पटतो, कारण त्यात दार बंद केलेलं नाही. आधी कामाला लागा, मग पुढचं शिका. मुग्धाचाही बेत तोच आहे. नोकरी लागली की उरलेली पदवी ती नोकरी करतच पूर्ण करील, आणि बरीच हॉस्पिटलं त्या फीचा काही भाग देतात.

खरी पळवाट कशी असते तेही इथे पाहिलं. जानेवारी 2023 मध्ये फ्लोरिडातलं एक प्रकरण उघडकीस आलं. काही नर्सिंग शाळांनी पैसे घेऊन 7,600 हून अधिक बनावट प्रमाणपत्रं विकली होती. वॉर्डातलं शिक्षण न घेताच लोक परीक्षेला बसले, आणि काही जण पास होऊन कामालाही लागले. मुग्धाने कॉलेज निवडताना राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आहे का, हे सगळ्यात आधी पाहिलं.

पगाराचंही तू विचारलं होतंस. अमेरिकेच्या कामगार खात्याच्या मे 2023 च्या आकड्यांनुसार आरएनचं मधलं वार्षिक वेतन 86,070 डॉलर. म्हणजे निम्म्या नर्सेसना त्याहून जास्त, निम्म्यांना कमी. सुरुवातीला तिला कमीच मिळेल. पण स्वतःच्या पायावर उभं राहायला ते पुरेसं आहे.

आता एकच आठवण. आप्पांचं ऑपरेशन मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात झालं तेव्हा तू रात्री बाहेरच्या बाकावर होतीस. आप्पांना गुंगीतून जाग आली, ते घाबरून सलाईनची नळी ओढायला लागले, आणि नाइटच्या सिस्टरने त्यांचा हात धरून पहाटेपर्यंत तिथंच स्टूल टाकलं. तिचं शिक्षण दोन वर्षांचं की तीन, हे तू विचारलं नव्हतंस. पुढे कितीतरी दिवाळ्या तिच्या घरी आपला फराळ गेला. तू स्वतः डबा भरायचीस.

मुग्धा त्याच स्टुलावर बसायला शिकते आहे.

मे महिन्यात तिचा पिनिंगचा समारंभ आहे. पदवीदानाच्या आधी नर्सिंगच्या मुलींचा हा वेगळा कार्यक्रम असतो. कॉलेजची पिन गणवेशावर लावायला तिच्या कॉलेजात घरचं एक माणूस पुढे बोलावतात. त्या माणसाचं नाव आधी लिहून द्यावं लागतं. मुग्धाने तुझं नाव दिलंय. तुला सांगायचं तिला धाडस होत नाही, म्हणून मी सांगते. व्हिसाचं आत्ताच बघायला घे, ताई. आणि पुढच्या फोनवर तिला औषधशास्त्राचा पेपर कसा गेला तेवढं विचार.

तुझी,
शकू